जावईबापूंचा कॅमेरा आणि मधाचं गाडगं

एका जंगलात, बाळांनो, अस्वलांचं एक कुटुंब राहत होतं. कुटुंब चांगलं होतं. म्हणजे भांडणं घरातल्या घरात ठेवणारं होतं. तरी शेजारपाजाऱ्यांना सगळं ठाऊक असायचं. शेजार असतोच त्यासाठी.

घरच्या कर्त्या गजराबाई. त्यांच्या उजव्या पंजाचं मधलं नख वाकडं होतं. कधीतरी वारूळ उकरताना दगडावर आपटलं, ते तसंच राहिलं. त्या नखाने त्या नातवंडांची पाठ खाजवायच्या आणि नातवंडं गुंगून झोपायची. हे नख लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

गजराबाईंची थोरली लेक हौसा, मधला मुलगा केरबा आणि धाकटी पमी. पमीचं काही नव्हतं, पण हौसा आणि केरबा एकमेकांशी बोलत नव्हते.

कारण मध. मागे एका भाऊबीजेला मधाचं भरलेलं गाडगं कोनाड्यात ठेवलं होतं. पानं मांडल्यावर बघतात तर गाडगं चाटूनपुसून लख्ख. केरबा म्हणाला, अक्काने खाल्ला. हौसा म्हणाली, याची जीभ लहानपणापासून लांब. शब्दाने शब्द वाढला. तेव्हापासून हौसा माहेरी आली की केरबाला नदीवर काम निघायचं.

आता खरं म्हणजे मध कुणी खाल्ला होता? तुम्ही लहान आहात, तुमच्यापासून काय लपवायचं. गजराबाईंनी.

एक बोट चाटून बघावं म्हणून गेल्या होत्या. गाडग्याचा तळ दिसला तेव्हा भानावर आल्या. पोरं भांडायला लागली तेव्हा सांगायला तोंड उघडलं, पण तोंडाला मधाचा वास येत होता. म्हणून मिटलं. मग ते मिटलेलंच राहिलं.

आता त्यांना एकच हवं होतं. पोरांनी एकमेकांशी बोलावं. फक्त आपल्याला काही न सांगता ते जमावं.

त्या वर्षी पमीचं लग्न झालं आणि दिवाळसण आला. गजराबाईंनी डोकं चालवलं. पहिल्या दिवाळसणाला नव्या जावयाचा शब्द मोडायचा नसतो, ही अस्वलांतली रीत. जावयाला म्हणाल्या, "जावईबापू, भाऊबीजेला हौसा आणि केरबा दोघं हवीत, असं तुम्हीच सांगा." जावयाने सांगितलं. दोघांना यावं लागलं.

पण रीत दोन्हीकडून चालते, हे गजराबाईंच्या लक्षात आलं नाही.

जावयाचं नाव विश्वजितराव. त्यांच्याकडे कॅमेरा होता. जंगल बघायला आलेला एक माणूस त्यांना बघून पळाला होता, आणि पळताना सगळी बॅग टाकून गेला होता. कॅमेरा, पडद्यावर चित्रं पाडायचं यंत्र, शिवाय पांढरी चादर. विश्वजितराव तेव्हापासून स्वतःला कलाकार समजत.

भाऊबीजेला सकाळीच पाट मांडले. मोहाचे लाडू, वाळवीचा चिवडा, आणि मधाचं नवं गाडगं. सगळे पानांवर बसणार, तेवढ्यात विश्वजितराव म्हणाले, "कुणी हात लावू नका. आधी फोटो."

अस्वलं काळी. घराच्या सावलीत सगळी मिळून एकच मोठा काळा डाग दिसायची.

"दात दाखवा," विश्वजितराव म्हणाले. "म्हणजे कोण किती ते कळेल."

सगळ्यांनी दात दाखवले. कुणाचे डोळे मिटले, म्हणून पुन्हा दाखवले. एक नातू शिंकला, म्हणून पुन्हा. ऊन आलं, ऊन गेलं. चिवडा मऊ पडला.

"आता ओवाळणं," विश्वजितराव म्हणाले.

हौसाने झाडाकडे बघत केरबाला ओवाळलं. केरबाने नदीकडे बघत ओवाळून घेतलं.

"असं नाही. नजरेला नजर द्या. पुन्हा."

पुन्हा झालं. ताम्हनाची कड फोटोत आली नाही, म्हणून आणखी एकदा. टिळा वाकडा आला, तो पुसून परत. ओवाळून ओवाळून हौसाचा हात भरून आला, ताम्हन थरथरायला लागलं. केरबाने ते बघितलं. आणि दिव्याकडे बघत, अगदी हळू, तो म्हणाला, "हात दुखत असेल."

मागे उभ्या गजराबाईंनी कान टवकारले. बोलला. माझा लेक बोलला.

हौसा काहीतरी म्हणणार, ओठ हललेही.

"ओठ हलवू नका, फोटो हलतो," विश्वजितराव म्हणाले.

हौसाने ओठ मिटले. केरबा पुन्हा नदीकडे बघायला लागला.

गजराबाईंना असा संताप आला की काय सांगू. पण जावयाला बोलायची सोय नाही. पोटात सकाळपासून काही नाही. आणि गाडगं मागेच, हाताला लागेल एवढ्यावर. सगळ्यांचे दात पुढे. मागे कोण बघतंय?

फक्त एक बोट, त्या मनाशी म्हणाल्या.

जेवायच्या वेळी गाडग्यात मध कमी निघाला. हौसाने केरबाकडे बघितलं, केरबाने हौसाकडे. सण होता, जावई होता, म्हणून दोघं गप्प राहिली. पण ते गप्प राहणं गजराबाईंना आरडाओरड्यापेक्षा वाईट वाटलं. पमीला म्हणाल्या, "मला घास उतरत नाही गं." पमीला वाटलं, आईचं पोट भरलेलं दिसतंय. तेही खरंच होतं.

संध्याकाळी विश्वजितरावांनी सागाच्या दोन झाडांमध्ये चादर बांधली. विजेचं काय, असं विचारू नका. काजव्यांना सांगितलं होतं. सगळ्या जंगलाला आमंत्रण गेलं. शेजारच्या टिटवीकाकू सगळ्यांच्या आधी येऊन पुढे बसल्या. त्यांना फोटोंची आवड नव्हती. लोकांच्या घरात काय चाललंय, याची होती.

फोटो सुरू झाले. काळा डाग आणि दात. काळा डाग आणि दात. हरणांना डुलकी लागली.

"हे बघा, आठवणी कशा जपून राहतात," विश्वजितराव म्हणाले.

टिटवीकाकूंनी मान वाकडी केली. "का हो जावईबापू, तो मागचा पंजा कुणाचा?"

"कुठला?"

"तो, गाडग्याकडे चाललाय तो."

"थांबा, मोठं करून दाखवतो. यात मोठंही करता येतं." विश्वजितरावांना अभिमान फार. त्यांनी पंजा चादरभर केला. मधलं नख वाकडं होतं.

मग पुढचा फोटो आला. पंजा गाडग्यात. त्याच्या पुढचा, पंजा तोंडात. डोळे मिटायला नकोत म्हणून विश्वजितरावांनी प्रत्येक गोष्टीचे ढिगाने फोटो काढले होते. सगळे दात दाखवत पुढे उभे, आणि मागे एक वाकडं नख गाडग्यात जातंय, येतंय, जातंय.

हरणं जागी झाली.

"उजेडच धड नाही," गजराबाई म्हणाल्या. "ते केरबाचं नख असेल."

केरबाने आपली सरळ नखं बघितली. मग तो कितीतरी दिवाळ्यांत म्हणाला नव्हता ते म्हणाला. "अक्का."

"हं."

"म्हणजे त्या वेळीही?"

"त्या वेळीही."

"आणि मी तुला हावरट म्हणालो."

"अधाशी म्हणालास."

"अधाशी," केरबाने मान्य केलं. "चिवडा घेतेस? मऊ पडलाय जरा."

दोघं एका पानावर बसली. मग काय, आठवणी निघाल्या. जांभळं कशी नाहीशी झाली होती, हौसाच्या डोहाळजेवणाचे लाडू कसे कमी पडले होते. दोघं खो खो हसत होती आणि मधूनमधून वळून आईकडे डोळे वटारत होती.

गजराबाई एकट्या मागे बसल्या होत्या. त्यांना कुणी चिवडा दिला नाही. त्या पमीला हळूच म्हणाल्या, "बोलली गं पोरं."

"तू बोलू नकोस," दोघं एकदम म्हणाली.

पुढच्या दिवाळीचा फोटो अजून टिटवीकाकूंच्या तोंडी आहे. बरोबर मध्ये गजराबाई. डावा पंजा हौसाने घट्ट धरलाय, उजवा केरबाने दोन्ही हातांनी. सगळ्यांचे दात दिसतात, गजराबाईंचे सगळ्यांत जास्त. जंगलात जो तो म्हणतो, आईवर माया असावी तर अशी.

मधाचं गाडगं त्या फोटोत कुठेच नाही. ते झाडावर बांधलं होतं.

तात्पर्य : भावंडांनी एकमेकांशी बोलावं असं वाटत असेल, तर त्यांना समजावत बसू नये. दोघांना मिळून ज्याच्यावर रागवता येईल असं एक माणूस घरात ठेवावं आणि फोटोत त्यालाच मध्ये बसवावं.