जावयाची जळकी अक्षरं

सासऱ्यांच्या पुस्तकाचं मुखपृष्ठ आपणच करायचं, असं जावयाने ठरवलं. तसं त्याला कोणी सांगितलं नव्हतं. पण मुखपृष्ठं करून पोट भरणाऱ्या या माणसाची ओळख सासरे लग्नाला नऊ वर्षं झाली तरी "हे अक्षरं रंगवतात" अशी करून देत. सूर असा, की जणू "यांना जुना खोकला आहे." एकदा सासऱ्यांनी मनापासून "वा!" म्हणावं, एवढीच बिचाऱ्याची इच्छा होती.

सासरे एका मोठ्या कारखान्यात आग-सुरक्षा अधिकारी होते. बत्तीस वर्षांत तिथे एकदाही आग लागली नाही. लोक तहान लागल्यावर विहीर खणतात. सासरे आधीच खणून, वर झाकण बसवून, कुलूप लावून किल्ली खिशात ठेवणारे. निवृत्त झाल्यावर त्यांनी तीनशे पानांचं पुस्तक लिहिलं. नाव, 'आग लागलीच नाही'. (कथानकही तेवढंच.)

जावयाने कॉम्प्युटरवर अक्षरांना ज्वाळांचा इफेक्ट दिला. दोन दिवस खपून सासऱ्यांना दाखवला.

"ही गाजरं कशाला?"

"ज्वाळा आहेत, बाबा."

"पुस्तकाचं नाव काय?"

"आग लागलीच नाही."

"मग अक्षरांना कशी लागली?"

जावयाने लगेच तोडगा काढला. ज्वाळा नकोत, नुसत्या जळक्या कडा ठेवू. संकट आलं आणि टळलं, असा भाव! आता कॉम्प्युटरवरच्या जळक्या कडा खोट्या दिसतात, म्हणून (इथे त्याच्यातला कलावंत जागा झाला; झोपून राहता तर बरं होतं) पुठ्ठ्याची खरी अक्षरं कापून, कडा मेणबत्तीवर धरून फोटो काढायचं ठरलं.

सासऱ्यांनी परवानगी दिली, पण लेखी अर्ज घेऊन. अर्जात 'आग लावण्याचे कारण' असा रकाना होता. जावयाने तिथे 'सौंदर्य' लिहिलं. सासऱ्यांनी ते खोडून 'हौस' केलं.

रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर काम सुरू झालं. बाजूला वाळूची बादली, गळ्यात शिट्टी घातलेले सासरे.

"अहो, पडद्यापासून जरा लांब बसा," बायको स्वयंपाकघरातून म्हणाली.

"तू नको काळजी करू. बाबा आहेत ना!"

कडा सुरेख करपल्या. जावयाने अक्षरं टेबलावर ओळीत मांडली, समोर स्टँडवर कॅमेरा लावला, दर दहा सेकंदांनी फोटो काढणारा टायमर सुरू केला. तेवढ्यात सासरे वाळूत हात घालून म्हणाले, "यात खडे आहेत. नियमात बसत नाही." आणि बादली घेऊन चाळायला बाल्कनीत गेले. जावयाला वाटलं, मेणबत्ती थोडी जवळ हवी. ती त्याने सरकवली. ती आडवी झाली, थेट 'नाही'वर. तिथून टेबलक्लॉथ, तिथून पडदा.

"बाबा, आग!"

"कुठल्या प्रकारची?" बाल्कनीतून प्रश्न आला.

"लागलेली!"

सासरे धावत आले आणि दारातच थबकले. बत्तीस वर्षं जिच्यासाठी तयारी केली, ती आज पहिल्यांदा समोर उभी होती. "केवढी उंच जाते हो!" ते हरखून म्हणाले. मग भानावर येऊन त्यांनी शिट्टी फुंकली आणि कपाटातून स्वतःचं हस्तलिखित काढलं. "थांबा, कोणी काही करू नका. पान एकशे बारा..."

बायको भिजत घातलेल्या कपड्यांची बादली घेऊन आली आणि टेबल, पडदा, नवरा या सगळ्यांवर एका दमात उपडी केली. आग विझली. नवऱ्याच्या डोक्यावर उशीचा अभ्रा राहिला.

"एकशे बारावर हेच आहे का, बाबा?" तिने विचारलं.

"साधारण," सासरे पान मिटत म्हणाले.

कॅमेऱ्याने मात्र आपलं काम चोख केलं होतं. एका फोटोत धूर होता, करपलेली अक्षरं होती, आणि 'नाही'च्या जागी चिमूटभर राख. उरलं होतं ते 'आग लागलीच'. प्रकाशक तो पाहून खुर्चीतून उठलाच. "काय इफेक्ट साधलाय! हेच छापायचं!"

पण बत्तीस वर्षांचा विक्रम घरच्याच माणसाने मोडला होता. सासरे तीन दिवस आपलं ताट घेऊन बाल्कनीत, वाळूच्या बादलीशेजारी जेवले. 'वा!' राहिलं, आता नुसतं 'हूं' म्हणाले तरी पुष्कळ, असं जावयाला झालं. चौथ्या दिवशी सासरे म्हणाले, "छापा. लागली ती लागली, खोटं कशाला बोला? आणि आत तुमचाही उल्लेख हवा. मजकूर मी लिहितो."

जावयाचे डोळे भरून आले.

प्रकाशनाला जो तो अक्षरांवर बोट फिरवून "वा! वा!" करत होता. सासरेही "वा!" म्हणाले, सगळ्यांसमोर, चांगलं मोठ्याने. जावयाने पहिलं पान उघडलं. पुस्तक 'बादली घेऊन धावलेल्या मुलीस' अर्पण केलं होतं. त्याखाली बारीक टाइपात एक ओळ होती :

'मुखपृष्ठ : जावयाचा निष्काळजीपणा. कृपया घरी करून पाहू नये.'