पेम्ब्याला निघालेला कासमभाय

दणका बसला आणि न्हाणीघराची टाइल निखळून माझ्या खांद्यावर पडली. दिवा गेला. बाहेर भोंगा ओरडतच होता. खिडकी नसलेली तेवढी एकच जागा घरात, म्हणून मगरिबची नमाज जेमतेम उरकून आम्ही नाकाशी ओली फडकी धरून तिथे कोंबलो होतो. माझ्या मालकांनी, म्हणजे नवऱ्याने, बॅटरी लावली. उजेड शेजारच्या कासमभायच्या तोंडावर पडला, आणि वरच्या मजल्यावरच्या गोसावीबाई किंचाळल्या.

त्याने समुद्रात बुड्या मारायचा रबरी चष्मा चढवला होता, नाक झाकणारा.

"विषारी वायूला चालतो," तो आतून गेंगाण्या आवाजात बोलला, "आणि पेम्ब्याला मासे बघायलापण. वेगळा खर्च कशाला?"

जरा वेळाने म्हणतो, "भाबी, सकाळची जेद्दाची बस सुटेल ना?"

रियाधवर क्षेपणास्त्रं पडत होती आणि ह्याला बसची काळजी.

कासमभाय दाभोळकडचा. एसी दुरुस्त करायचा. पन्नाशीला आलेला, एकटा. खर्च कशाला, हे त्याचं पालुपद. चहाची पत्ती सुकवून परत उकळायचा. चप्पल तुटली की एसीच्या तारेने शिवायचा. बोलायला बसला की मात्र पेम्बा. हे आफ्रिकेजवळचं बेट, लवंगांचं. त्याच्या वर्कशॉपचा ड्रायव्हर तिथला. त्याने सांगितलं होतं की बोटीतून जमीन दिसायच्या आधी लवंगांचा वास येतो. झालं, कासमभायने ते धरलं.

"जंजिबार सगळ्यांना ठाऊक, म्हणून महाग," तो म्हणायचा. "पेम्बा कुणालाच ठाऊक नाय. स्वस्तात बसतंय."

पण पासपोर्ट कफीलच्या, म्हणजे त्याला कामावर आणणाऱ्या अरबाच्या, कपाटात. उन्हाळ्यात एसी बिघडतात म्हणून रजा नाही, हिवाळ्यात ते साफ करायचे म्हणून रजा नाही. केस पिकले, पेम्बा काही दिसेना. मग आखातात लढाई पेटली, गिऱ्हाइकं शहर सोडून पळाली, वर्कशॉप बंद पडलं. कफीलने आपणहून पासपोर्ट हातात ठेवला. "यल्ला कासम, घरी जा. शांत झालं की ये."

कासमभायने मुंबईचं तिकीट एजंटकडे नेऊन बदलून घेतलं. जेद्दाहून आधी मोंबासा, मग मुंबई.

मी म्हटलं, "अरे मेल्या, लोक जीव घेऊन पळतायत आणि तू बेटं बघायला निघालास?"

"लढाई काय मी लावलीय, भाबी? मला फक्त रजा मिळाली."

रजेवर निघालेल्या माणसाने इतरांचं सामान न्यायचं, ही आमच्यात रीत. नाही म्हणता येत नाही. बेट बघून झालं की गावीच जाणार, माणूस दुसरीकडे जातो कुठे, असं आम्ही धरून चाललो. मी बहिणीसाठी मोठं कोरियन ब्लँकेट दिलं. गोसावी इंजिनिअरनी नाशिकला धाडायला कुकर दिला. कुणी खजूर, कुणी दुधाच्या पावडरीचे डबे. त्याने सगळं घेतलं, तोंड वाकडं न करता. मला नवल वाटलं.

तर त्या दणक्याच्या दुसऱ्या सकाळी बस सुटली. डोक्यावर ब्लँकेट, काखेत कुकर, गळ्यात चष्मा, असा तो गेला.

पुढे किती दिवस पत्ता नाही. आमचे भोंगे चालूच. मालक म्हणाले, बुडाला असेल कुठेतरी. एका दुपारी फोन वाजला.

"भाबी! पोचलो!"

एवढ्या मोठ्याने की गोसावीबाई जिन्यावरून खाली आल्या. मोंबासाहून गलबतात सिमेंटच्या गोण्यांवर बसून आला म्हणे. वास खरंच आधी आला, जमीन मागाहून. ड्रायव्हरच्या मामाच्या ओटीवर मुक्काम. शहाळी फुकट. रस्त्याकडेला चटयांवर लवंगा वाळत घातलेल्या. पाण्यात पिवळे मासे, निळे मासे. "चष्मा वसूल झाला!"

"झोपतोस कशावर?"

"तुमच्या बहिणीच्या ब्लँकेटवर."

"मेल्या!"

"झटकून देईन, भाबी. वर लवंगेचा वास फुकट. आणि गोसावीसायबांना सांगा, कुकर चांगला हाय, भात मोकळा होतो."

गोसावीबाई हसून हसून पायरीवर बसल्या. मला एकदम फोनचं बिल आठवलं. हा माणूस आणि परदेशातून फोन? म्हटलं, "ठेव आता. खर्च कशाला करतोस?"

ठेवेना. म्हणाला, "इथं पोस्टात रांग हाय. जो तो घरचा नंबर सांगतोय. माझी पाळी आली तर बाबूने विचारलं, घर कुठे. तोंडात तुमचाच नंबर आला."

तारेत खरखर चालली होती.

"भाबी, मी निघाल्यावर परत पडलं काय तिकडे?"

"पडलं. मागच्या गल्लीत."

"मग कोण कोण हाय?"

मी सांगितलं. मी आहे. मालक आहेत. गोसावी आणि त्यांची बायको आहेत.