बिनस्टेरिंगची गाडी

मोहर्लीच्या जंगलाच्या गेटजवळच्या आशाबाईच्या चहाटपरीवर गेले आठ दिवस कुणी वाघाचं नावही काढलं नव्हतं. कोणत्या वाघिणीला किती पिल्लं झाली, सकाळच्या फेरीत कोण कुठे दिसलं, या एरवीच्या बातम्या शिळ्या पडल्या होत्या. सगळ्या जिप्सीवाल्यांच्या तोंडी एकच विषय होता. पुण्याच्या कुठल्याशा कंपनीने खास जंगल सफारीसाठी नवी गाडी काढली होती. ती बॅटरीवर चालायची, आवाज करायची नाही, आणि तिला स्टेरिंगच नव्हतं, त्या जागी नुसता टीव्हीएवढा पडदा.

"स्टेरिंग नाई त ड्रायव्हरनं हात कुठी ठेवाचे? मांडीवर?" इतवारीने विचारलं.

"ठेवा ना मांडीवर, आराम करा," निकेश मोबाइलवर गाडीचा फोटो मोठा करत म्हणाला. "तोंडानं सांगाचं, तलावावर चाल. थे जाते."

"अन् अस्वल आंगावर आलं त रिव्हर्स कोन मारन? थो टीव्ही?"

"टीव्ही नाई भाऊ, स्क्रीन आहे थे. तुमच्यापेक्षा जल्दी मारन. गाडीले झोप येत नाई, अन् गाडी खर्रा खात नाई."

टपरीवर हशा पिकला, कारण इतवारीच्या गालात त्या वेळी तंबाखू-सुपारीचा खर्राच होता.

इतवारी बावीस वर्षं या जंगलात जिप्सी चालवत होता. निकेशला गेटवर येऊन जेमतेम तीन वर्षं झाली होती, पण जगात निघालेली एकही नवी गाडी त्याच्या मोबाइलच्या नजरेतून सुटली नव्हती. त्याच्या मते गाड्या कधीच्या सुधारल्या होत्या, सुधारायचे राहिले होते ते ड्रायव्हर. इतवारीचं म्हणणं असं की या गाड्या बनवणारे कधी चिखलात उतरलेले नसतात, त्यांच्या गाड्या काचेच्या दुकानात शोभतात. टपरीचे त्यावरून दोन पक्ष झाले होते, आणि आशाबाई ज्याचा कप रिकामा दिसेल त्याच्या विरुद्ध बोलायची, म्हणजे तो चिडून दुसरा चहा मागवायचा.

भरात येऊन इतवारी एकदा बोलून गेला, "त्या डब्ब्यात मी बसन त इतवारी नाव नाई सांगणार."

हे बोलला तो मंगळवारी, आणि बुधवारी पंचाईत झाली. इतवारीच्या जिप्सीला जंगलात चालायची ठरवून दिलेली वर्षं या हंगामाअखेर भरत होती. त्यानंतर ती गेटातून आत जाणार नव्हती आणि दुसरी घेण्याची त्याची ऐपत नव्हती. बावीस वर्षं जिप्सी चालवलेला माणूस गेटाच्या बाहेर उभा राहून टुरिस्टांना टोप्या विकतोय, असं चित्र त्याला हल्ली डोळे मिटले की दिसायचं. आणि त्याच बुधवारी त्याची बायको कांता बातमी घेऊन आली की कंपनी ही गाडी सहा महिने गावातच ठेवणार आहे आणि तिला एक अनुभवी ड्रायव्हर महिन्याच्या पगारावर हवा आहे.

"जा, नाव देऊन या," कांता म्हणाली.

"कोन्या तोंडानं जाऊ? पूर्ण टपरीसमोर बोललो मी, का बसन त नाव नाई सांगणार."

"मंग नाव बदला. पन अर्ज द्या."

इतवारी गेला. कंपनीच्या आचल मॅडम रिसॉर्टवर उतरल्या होत्या. त्या मूळच्या गडचिरोलीच्या, पण पाच वर्षं पुण्यात राहून त्यांनी तिथलं मराठी चांगलं कमावलं होतं. त्या म्हणाल्या, "शुक्रवारी सगळ्यांसमोर चाचणी आहे. तुम्ही बसून दाखवा, मग आपण ठरवू." इतवारीने टपरीवर येऊन सांगितलं की शुक्रवारी तो स्वतः त्या गाडीत बसून ती किती बेकार आहे हे गावाला दाखवून देणार आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. निकेश म्हणाला, "मीही मागं बसतो. व्हिडिओ काढाले."

शुक्रवारी दुपारी टपरीसमोर ट्रकवरून गाडी उतरली. पांढरीशुभ्र, गुळगुळीत, नाकाच्या जागी काळ्या काचेची एक रुंद पट्टी. मोबाइलला रेंज नाही म्हणून मॅडम फोन उंच धरून लांबच्या पुलावर जाऊन उभ्या राहिल्या. आता नवी गाडी गावात आली आणि तिची पूजा झाली नाही, असं मोहर्लीत कधी घडलेलं नाही. सायकलची होते, ट्रॅक्टरची होते, कुणी गिरणीला नवा पट्टा घातला तर त्याचीही होते. आशाबाईने ताट आणलं. पूजेला इतवारी पुढे झाला.

लोकांना वाटलं, मोठेपणाने झाला. खरं म्हणजे त्याला देवीशी दोन शब्द खाजगीत बोलायचे होते. कुंकू लावायला जागा पाहू लागला तर सगळी गाडी पांढरी, आणि मधोमध ती काळी पट्टी. गाडीला कपाळ असेल तर ते हेच, असं त्याने ठरवलं. तेलात कालवलेल्या कुंकवाचं ठसठशीत स्वस्तिक काढलं, दोन्ही बाजूंना हळदीची बोटं ओढली. देवीला मनातल्या मनात म्हणाला, "माय, मी बोललो थे विसर. नोकरी दे." मग आणखी थोडी हळद ओढली. वरून झेंडूचा भरगच्च हार सोडला, नारळ फोडून त्याचं पाणी शिंपडलं आणि गुळाचा खडा पट्टीवर टेकवून खाली ठेवला.

मॅडम पुलावरून धावतच आल्या, उशीर झाला होता. तिघं मागच्या दारानेच आत चढले. मॅडमनी गाडीचं नाक पाहिलंच नाही. इतवारी पुढच्या खुर्चीवर बसला. हात काही केल्या जागेवर राहीनात. शेवटी त्याने स्वतःचेच गुडघे घट्ट धरले.

"सांगा तिला," मॅडम म्हणाल्या.

इतवारीने घसा साफ केला. "तलावावर चाल."

गाडी गोड आवाजात म्हणाली, "नमस्कार. आपण तलावाकडे निघत आहोत." आणि जागची हलली नाही. मग म्हणाली, "समोर मोठा वन्यप्राणी आहे. कृपया शांत राहावे. आपल्या सुरक्षेसाठी दारे बंद करण्यात आली आहेत."

खट्, खट्, खट्, खट् अशी चारही दारं लागली.

गाडीला बाहेरही भोंगा होता, त्यामुळे हे सगळ्या गावाने ऐकलं. समोर रस्ता मोकळा होता. पण एवढी पुण्याची गाडी खोटं कशाला बोलेल? कुणीतरी म्हणालं, "आपल्याले दिसत नाई, तिले दिसून राह्यला." एवढं पुरलं. दोन जण आशाबाईच्या टपरीच्या पत्र्यावर चढले. एकाने गेटावर फोन लावला, आणि नेमका त्यालाच रेंज लागली. दुपारच्या फेरीसाठी गेटावर बारा जिप्सी रांगेत उभ्या होत्या. वाघ टपरीवर आलाय म्हटल्यावर आत जाऊन करायचं काय? बाराच्या बारा वळल्या आणि टपरीसमोर येऊन लागल्या, मागोमाग गेटावरचा वनरक्षकही आला. हातहातभर लांब कॅमेरे घेतलेले टुरिस्ट श्वास रोखून उभे राहिले.

आत निकेशने व्हिडिओ बंद केला. "मॅडम, दार खोला ना."

"प्राणी जाईपर्यंत उघडत नाही. जंगलासाठी मुद्दाम तसं केलंय. पुण्याहून उघडता येतं, पण त्याला रेंज लागते." मॅडमनी फोन पाहिला आणि पाच वर्षांचं पुणेरी मराठी एका क्षणात गळून पडलं. "माय वो, आता काय करू मी?"

"कॅमेऱ्यात काय दिसते, थे त दाखवा," निकेश म्हणाला.

मॅडमनी स्क्रीनवर बोट लावलं. सगळी स्क्रीन लालभडक झाली. त्यावर पिवळे पट्टे, आणि वर नारिंगी आयाळीसारखं काहीतरी वाऱ्याने हलत होतं.

"हा त वाघच आहे," निकेश पुटपुटला आणि खाली सरकला. "पट्टे पाहा पट्टे. काचेले तोंड लावून उभा आहे."

इतवारीने पाहिलं. बावीस वर्षांत त्याने वाघ गवतात पाहिला होता, पाण्यात पाहिला होता, एकदा शेपटाच्या टोकावरून ओळखला होता. हा वाघ त्याने पाहताक्षणी ओळखला. पट्ट्याच्या टोकाला त्याच्याच अंगठ्याचा ठसा होता.

बोललो तर नोकरी गेली. न बोललो तर बारा जिप्सी, एक वनरक्षक आणि पत्र्यावरची माणसं संध्याकाळपर्यंत अशीच. आशाबाईच्या ताटातलं कुंकू होतं, तिच्यावर ढकलता आलं असतं. ती काचेबाहेर उभी राहून त्याच्याकडे इतक्या काळजीने पाहत होती की त्याला स्वतःचीच लाज वाटली.

"मॅडम," तो म्हणाला, "थो वाघ मी लावला."

सगळं ऐकून मॅडम म्हणाल्या, "त्या काळ्या पट्टीमागंच कॅमेरा आहे वो," आणि खिडकीच्या काचेकडे बोट दाखवलं. खिडकीची काच चार बोटं तेवढी खाली यायची. इतवारीने तिथे तोंड लावलं. "आशाबाई, वाघबिघ काई नाई. गाडीच्या नाकावरचं कुंकू पुस जरा."

आशाबाई दोन पावलं मागे सरली. "ना बाप्पा. शुक्रवारी? नव्या गाडीचं? मी नाई."

"अरे, तुम्ही कोनी पुसा बे," इतवारी पत्र्याकडे पाहून ओरडला. पत्र्यावरच्या दोघांनी आभाळाकडे पाहिलं. वनरक्षक म्हणाला की हे त्याच्या कामात बसत नाही. एक टुरिस्ट पुढे यायला निघाला, त्याला त्याच्याच बायकोने शर्टाला धरून मागे ओढलं.

गर्दीत कांता दिसली. इतवारीच्या जिवात जीव आला. "कांता, तू पुस. जल्दी."

"मी?" कांता कमरेवर हात ठेवून म्हणाली. "नवरा माझा आत बंद आहे, अन् मी इथी कुंकू पुसू? डोस्कं ठिकाणावर आहे ना तुमचं?"

बायकांनी माना डोलावल्या. गाडी दर दोन मिनिटांनी शांत राहायला सांगत होती, आणि मागे निकेशने तेवढंच सोडून बाकी सगळं चालवलं होतं.

सुटका केली ती पोचूच्या म्हशीने. पोचू रोज या वेळेला म्हशी तलावावर नेतो, आणि त्याची पुढची म्हैस कुणासाठी वाट बदलत नाही. ती गर्दीतून सरळ गाडीशी आली. आधी खालचा गूळ खाल्ला. मग झेंडूचा हार ओढून सावकाश चघळला. मग गुळाची चव लागलेली काळी काच खालपासून वरपर्यंत चाटायला घेतली. स्क्रीनवर वाघाच्या जागी एक भली मोठी जीभ फिरू लागली. निकेशने डोळे झाकून घेतले. काम संपवून म्हैस तलावाच्या वाटेला लागली, तिच्यामागे बाकीच्या.

"प्राणी निघून गेला आहे," गाडी म्हणाली. "आपला प्रवास सुखाचा होवो."

आणि ती निघाली. म्हशींच्या मागे, म्हशींच्या चालीने, तलावाकडे. इतवारी ज्या गाडीत आहे ती उगाच कुठे जाणार नाही, अशी गेटावर त्याची ख्याती होती, म्हणून बाराही जिप्सी मागे लागल्या. तलावाच्या पाळीवर टुरिस्टांनी एका म्हशीच्या आंघोळीचे तीनेकशे फोटो काढले, आणि वनरक्षकाने सगळ्यांना परत गेटावर हाकललं.

दारं उघडताच निकेश पायीच गावाकडे गेला. इतवारी पाळीवर मॅडमसमोर मान खाली घालून उभा राहिला.

"माफ करा मॅडम. नोकरीसाठीच लावलं होतं थे कुंकू. देवीनं नेमकं उलटं ऐकलं."

मॅडमनी गाडीच्या ओल्या नाकावर बोट फिरवून पाहिलं. "दोन वर्षं आम्ही हिला तपासली," त्या म्हणाल्या. "चिखल, पाऊस, धूळ, धुकं. रस्त्यावर हत्तीचा पुतळासुद्धा उभा केला. पहिल्याच दिवशी लोक कुंकू लावतील, हे पंचवीस इंजिनियरांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही, अन् माझ्या बापानं स्कूटरला लावलं होतं." त्यांनी वही काढली. "लोक गाडीला आणखी काय काय करतात?"

इतवारीला वाटलं, थट्टा चालली आहे. पण वही उघडी होती. मग त्याने सांगितलं. चाकाखाली लिंबू ठेवतात. पुढे काळी बाहुली टांगतात. बोनेटवर मिरच्या वाळवतात. पाहुणे फार झाले तर टपावरही बसतात. कोंबडी सीटखाली अंडी घालते. मॅडम पान उलटून लिहीतच राहिल्या.

"ड्रायव्हर आम्ही कुठूनही आणू," शेवटी त्या म्हणाल्या. "तुम्ही सहा महिने हिला त्रास द्या. गावातले लोक देतील तो सगळा. आणि रोज तिच्यातल्या चुका मला लिहून द्या. पगार तोच."

घरी कांताने विचारलं, "काय काम आहे?"

"गाडीले नावं ठेवाचं."

"हे त तुम्ही फुकटात करत होते," कांता म्हणाली, आणि त्या दिवशी तिने दुसऱ्यांदा कमरेवर हात ठेवले, पण हसत.

अडचण पुढेच आली. आठवडाभरात इतवारीला ती गाडी मनापासून आवडायला लागली. खड्ड्यात आपटत नव्हती, चितळांच्या कळपाजवळून गेली तरी एकही मान वर होत नव्हती, आणि संध्याकाळी त्याची कंबर दुखत नव्हती. रात्री वही उघडली की चूक म्हणून लिहायला एक ओळ सापडेना. वही कोरी गेली तर नोकरीही जायची.

सोमवारी तो काळजीतच टपरीवर आला. निकेश बाकावर उभा राहून सांगत होता, "मानसानं पाहून घेतलं पाह्यजे भाऊ. दाराले साधा खटका नाई, का आतून हातानं खोलावं. खिडकी चार बोटं. म्हशीचा अन् वाघाचा फरक समजत नाई. ह्या गाड्या काचेच्या दुकानातच बऱ्या."

"हो ना इतवारीभाऊ?" कुणीतरी विचारलं.

सगळे इतवारीकडे पाहू लागले. इतवारी निकेशच्या बाजूला बाकावर बसला, खिशातून वही आणि पेन काढलं आणि म्हणाला, "आशाबाई, याले एक चहा द्या, साखर जास्त. हं, निकेश, दाराचं झालं. पुढं बोल. पन सावकाश बोल, मी लिहून राह्यलो."