मॉडेमच्या गावितबाई

गावितबाई मॉडेमची बटणं दाबताना एसटीच्या कंडक्टरसारखे स्टॉप पुकारतात. "उजवीकडं. आजून उजवीकडं. आला मॉनिटर. खाली. थांबा. एंटर." खोलीत ऐकायला कोणी असो वा नसो. एक बटण दाबल्यावर अक्षरं बदलेपर्यंत दुसऱ्याला हात लावायचा नाही, हा त्यांचा कायदा. "बघायचं, मंग दाबायचं," हे त्या मला दिवसातून चारदा तरी सांगत.

आमच्या संस्थेचं छोटं केंद्र मोखाड्यात आहे. गच्चीवर उपग्रहाची मोठी डिश, खाली आतल्या खोलीत मॉडेम, आणि त्या जोरावर नाशिकचे डॉक्टर आठवड्यातून एकदा इथल्या पेशंटना पडद्यावर तपासतात. मॉडेम दिसायला जुन्या टेपरेकॉर्डरसारखं. पुढे मेनूचे इंग्रजी शब्द दाखवणारी दोन ओळींची हिरवट पट्टी, चार बाण, एक एंटर, एक क्लिअर. सगळा कारभार या सहा बटणांत.

मी ठाण्याहून बदलून आलो तेव्हा बाई इथे अकरा वर्षं ऑपरेटर होत्या. मी डिप्लोमावाला, म्हणून त्यांचा साहेब. इंग्रजी त्यांना जेमतेम. शब्द त्या ठेवणीवरून ओळखत. सकाळी आल्या आल्या सिग्नलचा आकडा बघायच्या आणि ताप उतरलेल्या माणसाबद्दल बोलावं तशा म्हणायच्या, "आज नऊ हाये. बरा हाये." मी बरा आहे का, हे पहिल्या महिन्यात त्यांनी एकदाही विचारलं नाही.

एकदा, नेमक्या डॉक्टरांच्या वाराला, बाई बँकेच्या कामाला जव्हारला गेल्या. जाताना म्हणाल्या, "चित्र थोडं तुटंल, चालतंय. टेस्टच्या मेनूत तेवढं जाऊ नका, सायेब." मी मान हलवली. मनात म्हटलं, मला शिकवतात.

दुपारी वावर गावाहून एक बाई तिच्या पाच वर्षांच्या मुलीला घेऊन आली होती. मुलीच्या छातीत जन्मापासून दोष. पडद्यावर डॉक्टर बोलत होते आणि चित्र मधूनच तुटत होतं. मला ते बघवेना. मी आत मॉडेमपाशी गेलो, बाण उजवीकडे चारदा, खाली दोनदा, सगळं भराभर, आणि टेस्टच्या मेनूतल्या एका अनोळखी शब्दावर एंटर ठोकला. आकडा नवावरून थेट अठरावर गेला. सगळे दिवे हिरवेगार. मी पट्टीचा फोटो काढून ठाण्याच्या ऑफिसच्या ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं, 'मोखाडा, आजवरचा सर्वोत्तम सिग्नल.' तीन अंगठे आले.

बाहेर येऊन बघतो तर पडद्यावर डॉक्टर नाहीत. त्यांचं वाक्य 'ऑपरेशन' या शब्दावर तुटलं होतं.

मुलीची आई माझ्याकडे वळली. "करायचं बोलले का नाय करायचं?" तिने विचारलं.

मी डॉक्टरांना फोन लावला. तो बंद. मी कॉम्प्युटर बंद करून चालू केला, वायरी काढून लावल्या, गच्चीवर जाऊन डिशकडे बघून आलो. मेनूतून बाहेर यायची वाट सापडेना, आणि आकडा अठराच. शेवटी गावितबाईंना फोन लावला. त्या परतीच्या एसटीत होत्या. "कशाला हात लावू नका," एवढंच म्हणाल्या आणि घाटात फोन तुटला.

पाऊण तासाने बाई आल्या. मॉडेमसमोर उभ्या राहिल्या, हात पाठीमागे.

"सायेब, हा सोताशीच बोलतोय."

आपण पाठवलेलं आकाशात न जाता मॉडेमच्या पोटातच वळून परत येत होतं. स्वतःचाच आवाज, म्हणून तो इतका स्वच्छ. बाईंनी स्टॉप पुकारत, एकेक बटण दाबत गाडी बाहेर काढली. आकडा नवावर आला आणि डॉक्टरही आले. "अहो, मी म्हणत होतो, ऑपरेशनची गरज नाही. गोळ्या चालू ठेवा, तीन महिन्यांनी दाखवा."

आई तिथेच खाली बसली आणि पदराने तोंड पुसत राहिली. मी रजिस्टरमध्ये 'खराब हवामान' असं लिहू लागलो.

"ऊन पडलंय, सायेब," गावितबाई म्हणाल्या. मी खोडलं आणि 'चुकीचं बटण' असं लिहिलं. सही माझीच करावी लागली.

या सगळ्यात वावरकडची शेवटची जीप निघून गेली होती. मी ओशाळून माझ्या खोलीची किल्ली पुढे केली. गावितबाईंनी माझ्याकडे न बघता मुलीची पिशवी उचलली आणि म्हणाल्या, "माझ्याकडं चला. भात लावते."

दुसऱ्या दिवशी बाई पहिल्यांदाच उशिरा आल्या. "जीपपर्यंत सोडाया गेलते. पोरगी हात सोडीना," म्हणाल्या. मग स्टुलावर बसून बराच वेळ बोलत राहिल्या. मुलीने दोनदा भात घेतला. घरातले सगळे डबे उघडून बघितले. सारखी विचारत होती, हे काय, ते काय. बाईंचा नवरा जाऊन सहा वर्षं झाली आणि मुलगी लग्न होऊन भिवंडीला असते, हे मला त्या दिवशी कळलं. इतके दिवस मीही विचारलं नव्हतं.

"त्यांची पुढची तारीख मांडली का, सायेब?"

"हो. सकाळी अकराला बोलावलंय."

बाईंनी मॉडेमवरची धूळ पुसली. धूळ नव्हतीच.

"त्यांना आदल्या दिशीच यायला सांगा."

"आदल्या दिवशी? डॉक्टर तर..."

"जीपचा काय भरवसा नाय," त्या म्हणाल्या.

मी तारखेपुढे लिहिलं, 'एक दिवस आधी येणे', आणि वावरला तसा निरोप धाडला.