डेपोच्या टीममधली इंदू

इंदूनं मला कधी कुठली वस्तू हातात दिली नाही. फेकली. लिंबू मागा, कांदा मागा, ती आपल्या पडवीतून फेकायची आणि मी माझ्या पडवीत झेलायची. मी लग्न होऊन आलापल्लीला आले, त्याच्या दुसऱ्याच दिवशी तिचं एक वांगं माझ्या कपाळावर बसलं. वर मलाच ऐकवलं, "हात पुढं करा ना वैनी! टप्प्यावर तं टाकलं होतं म्या."

आमचे हे सरकारी लाकूड डेपोत कारकून आणि इंदूचे बाबा तिथले चौकीदार. इंग्रज जाऊन पाचसहा वर्षं झाली होती. त्यांचा एक साहेब जाताना बॅटी, चेंडू, स्टंपा मागं ठेवून गेला होता. डेपोमागच्या मोकळ्या जागेत बाबू लोक संध्याकाळी खेळायचे. चेंडू झुडपात गेला की अस्वलाच्या भीतीनं एकही बहाद्दर आत जायचा नाही. इंदू लहानपणापासून जायची. चेंडू परत फेकता फेकता बोलिंग शिकली, आणि मग भांडून बॅटही मिळवली.

"टप्पा" हा तिचा लाडका शब्द. तिला पाहायला एक मुलगा आला होता. त्याच्या वडिलांनी विचारलं, "काय काय येते मुलीले?" इंदू खाली मान घालून म्हणाली, "बोलिंग बी येते अन् बॅटिंग बी." त्यांनी पोह्यांची बशी तशीच ठेवली. ते गेल्यावर आई कपाळ बडवून घेत होती, आणि ही मला सांगते, "पोरगा बरा होता वैनी, पन टप्प्यावर नाई बोलत."

हसू नका. पोरीचं मागणं एकच होतं आणि ते कोणी ऐकत नव्हतं. रोजच्या खेळात हेच बाबू "इंदे, टाक ना!" म्हणून तिच्या मागे लागायचे. बाहेरची टीम आली, की तिला झाडाखाली बसवायचे. त्या दिवशी ती जेवायची नाही. "मले टीममदी काऊन नाई घेत?" एवढंच विचारायची.

मग बदलीवर नवे साहेब आले आणि त्यांनी चांद्याच्या टीमशी मॅच ठरवली. ठरवली ती ऐन मोहफुलांच्या दिवसांत! आमच्याकडे त्या दिवसांत उजाडायच्या आत गावच्या गाव रानात असतं. झाडाखालचा पाचोळा जाळून जागा साफ केलेली, आणि पडेल ते फूल वेचायचं, नाहीतर जनावरं खातात. डेपोचा भरवशाचा बोलर मंगू गोंडांच्या पाड्यावरचा. साहेबांनी त्याला आणायला माणूस धाडला. मंगूनं झाडाखालूनच निरोप दिला, "मोह पडून राह्यला साहेब. तो का मॅच पाहून थांबन?"

दहाच माणसं उरली. चांद्याचे लोक येऊन बसलेले. साहेबांची मान खाली गेली. तेवढ्यात इंदू लुगडं खोचून पुढे आली. "मी हाओ ना."

चांद्याचे कप्तान वकील होते. खो खो हसले. इंदूच्या पहिल्याच चेंडूवर त्यांचा मधला स्टंप मागे जाऊन पडला, तेव्हा हसायचे थांबले. मी बायांच्या घोळक्यातून टाळ्या पिटत होते. तेव्हाच माझ्या लक्षात आलं. विकेट पडली की आमची माणसं धावत यायची, एकमेकांच्या पाठीवर थापा मारायची, गळ्यात पडायची. इंदूजवळ आली की थबकायची. एकानं हात उचलला आणि तसाच डोक्याकडे नेऊन केस सारखे केले. एक म्हणाला, "छान झालं, बाई." काल संध्याकाळपर्यंत जी इंदे होती, ती आज बाई झाली!

तिनं आणखी विकेटी काढल्या. शेवटी बॅट घेऊन जिंकायच्या धावाही तिनंच काढल्या. सगळे आरडत आत धावले आणि समोरच्या टोकाला बॅट टेकून नुसत्या उभ्या असलेल्या आमच्या जोशीबाबूंना खांद्यावर घेऊन नाचायला लागले. इंदू बॅट धरून बाजूला उभी होती. थोडा वेळ तिनं वाट पाहिली. मग हळूहळू माझ्याकडे आली.

"अगं, जिंकली ना तू? मग तोंड का असं?"

"जिंकलो ना." ती खाली पाहत होती. "वैनी, माह्या पाठीवर कोनीच थाप नाई मारली. मले वाटे, टीममदी घेतल्यावर मारतेत."

चांद्याचे पाहुणे, साहेब, आमचे हे, सगळे बघत होते. बघेनात का! मी पदर खोचला आणि तिच्या पाठीवर अशी सणसणीत थाप मारली की माझाच तळवा झिणझिणला.

इंदूच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. पाठ तिनं तशीच माझ्याकडे धरून ठेवली.

"अजून मारा, वैनी," ती म्हणाली. "वकिलाच्या विकेटची बी राह्यली."