कावळ्याला समजावणारा अंबादास

आमच्या कॉलेजच्या दोस्तांपैकी कुणाच्या दहाव्याला कावळा पिंडाला शिवेना, की घरची माणसं अंबादासला पुढं करतात. तो चष्मा पुसतो, कमरेवर हात ठेवतो आणि झाडावरच्या कावळ्याला रागं भरायला लागतो.

बीडला कॉलेजात असताना आम्ही पाचजण एका भाड्याच्या खोलीत राहायचो. अंबादास, कड्याचा रावसाहेब, दिंद्रुडचा विष्णू, वसंत आणि मी, मुनीर. माझं वडवणीत फळांचं दुकान आहे. अंबादासही वडवणीतच असतो. नोकरीतून निवृत्त झालाय, बायकोपोरं नाहीत. लग्न का केलं नाही विचारलं तर म्हणतो, "तुमी चौघं होतात की बे, अजून कशाला कटकट?"

रावसाहेब गेला तेव्हा कावळा फांदीवर ढिम्म बसून होता. पोरांनी हात जोडून सांगितलं, जमीन वाटून घेणार नाही. सून म्हणाली, सासूबाईंना अंतर देणार नाही. कावळा काही हलेना. ऊन चढलं, भटजी घड्याळ बघायला लागले.

"सरका बे," अंबादास म्हणाला. "याचं पोट मला माहीत हाय." आणि वर बघून ओरडला, "रावश्या, खोलीवर कोंबडीची तंगडी गायब झालती, ती तूच खाल्लीस! आळ आला या मुनीरवर. जा, माफ केलं. उतर आता!"

कावळा उतरला. मी खो खो हसलो आणि हसता हसताच रडू फुटलं.

विष्णूच्या वेळी अंबादासनं त्याची कबुतरं सांभाळायचा शब्द दिला. याच कबुतरांवरून त्यानं विष्णूला जन्मभर शिव्या घातल्या होत्या. आता ती अंबादासच्या कपाटावर बसतात, त्याच्या ताटात उतरतात. "मालकावाणीच लई खादाड हायेत," असं म्हणत तो त्यांना स्वतःच्या भाकरीचा चुरा घालतो.

गेल्या महिन्यात वसंत गेला. एसटीत सगळा रस्ता अंबादास ओठांतल्या ओठांत काहीतरी जुळवत होता. पण पिंड ठेवून भटजी मागं सरले न सरले तोच कावळा येऊन शिवला. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला, टॉवेल झटकले आणि माणसं जेवायला निघाली. अंबादास तिथंच उभा राहिला.

"मला न इचारता?" तो म्हणाला. त्या दिवशी तो जेवला नाही.

परत येताना स्टँडवर एसटीची वाट बघत बसलो होतो. अंबादास म्हणाला, "मुनीर, माझ्या दहाव्याला तू यायचं."

"आमच्यात कुठं कावळा असतो? मला काय बोलता येणार?" मी चेष्टेवर न्यायला बघितलं. "आणि तुझं राहिलंय तरी काय, ते सांग."

तो खरंच विचार करत बसला. समोरून एक गाडी निघून गेली.

"लई आठवून बघितलं. काहीच राहिलं न्हाई," तो म्हणाला. "म्हंजे माझा कावळा लगेच येणार. वसंताचं बघितलंस ना, कावळा शिवला की समदे उठले."

त्यानं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"तू काठी घेऊन ये बे. कावळा आला की हाकलत राहा. तेवढाच वेळ बसशील माझ्यापाशी."