किमान पाच, पानांसह

गेल्या डिसेंबरात विभागाच्या बैठकीत मी जाहीर करून टाकलं, की या सत्रात माझ्या वर्गातला प्रत्येक विद्यार्थी माझा अभिप्राय वाचणार, समजून घेणार आणि त्यावर कृतीही करणार. नागपुरातल्या विद्यापीठात एकोणीस वर्षं अर्थशास्त्र शिकवलेल्या माणसाने असं बोलणं म्हणजे मे महिना कूलरशिवाय काढून दाखवतो म्हणण्यासारखं होतं. विभागप्रमुख मेघा मॅडमनी नुसता चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं.

दुखणं जुनं आहे. मी निबंध तपासतो, समासात लाल शाईने सूचना लिहितो. पोरं गुण बघतात आणि कागदाची घडी घालून मोकळी होतात. एकाने तर माझ्या सूचनेवर समोसा ठेवून खाल्ला. माझ्यादेखत.

म्हणून मी एआयचं एक साधन आणलं. तपासलेल्या निबंधाचा फोटो द्यायचा. ते माझी सूचना वाचणार, गोड शब्दांत विद्यार्थ्याच्या मोबाइलवर पाठवणार, 'यावर तुम्ही काय करणार?' असं विचारणार आणि उत्तर येईपर्यंत पिच्छा सोडणार नाही. निबंधाचा विषय होता आठवडी बाजार. एकसष्ट निबंध होते आणि एकसष्टांवर मी एकच गोष्ट लिहिली होती, जी मी एकोणीस वर्षं लिहितोय: 'संदर्भ नाहीत. किमान पाच द्या, पानांसह.'

शुक्रवारी फोटो चढवले. पाठवण्याआधी एक संदेश वाचून पाहा, असं ते साधन तीनदा म्हणालं. मी तीनदा 'पुढे' दाबलं. शनिवारी अहवाल आला: एकसष्टपैकी एकसष्ट विद्यार्थी कृती करायला तयार! माझे डोळे भरून आले. अहवाल मी मेघा मॅडमना पाठवला आणि त्याच भरात कुलगुरूंच्या कार्यालयातही पाठवला.

सोमवारी वर्गात शिरलो आणि वाटलं, चुकून कळमन्याच्या बाजारात आलो. प्रत्येक बाकावर संत्री. हिरव्या पानांसकट.

"हे काय आहे?"

"अभिप्राय, सर," भूमिका म्हणाली. पहिल्या बाकावरची, कधीही गैरहजर न राहणारी मुलगी. "पाच संत्रे आणले. पानवाले कुठं भेटूनच नव्हते राहिले. इतवारी झाली, हुडकेश्वर झालं, सगळं फिरली मी."

तिने मोबाइल माझ्यापुढे धरला. 'तुमचा निबंध आश्वासक आहे. मात्र त्यात संत्री नाहीत. किमान पाच द्यावीत, पानांसह.' खाली तिने विचारलं होतं, 'विकतची चालतील का?' त्यावर उत्तर होतं, 'उत्तम प्रश्न. विश्वासार्ह ठिकाणाहून घ्या. मुळाशी जाऊन मिळवलेली केव्हाही चांगली.'

माझा रफार वेलांटीसारखा दिसतो, अशी घरातूनही तक्रार असते. मी खुर्चीत बसलो. खुलासा कुठून सुरू करावा याचा विचार करतोय, तोच दारातून अश्विन आला. काटोलकडचा, शांत मुलगा. मागे खांद्यावर पेटी घेतलेले त्याचे वडील, रुपराव.

"नमस्कार सर. पोट्टा म्हने मुळाशी जाऊन पायजेत, म्हणून झाडावरून तोडूनच आनले," त्यांनी पेटी टेबलावर ठेवली. "पाचच म्हने. पन मास्तरले पाच देनं बरं दिसते का? आनखी तीन पेट्या खाली टेम्पोत हायेत."

"अहो काका, मी संत्री मागितलीच नव्हती."

रुपरावांनी दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "समजलं सर. मी कोनाले सांगत नाई."

दारात मेघा मॅडम उभ्या होत्या. सोबत कुलगुरूंच्या कार्यालयातले एक अधिकारी, माझा यशस्वी प्रयोग बघायला आलेले.

"ही संत्री कसली?" मॅडमनी विचारलं.

"सरांनी मागितली," अख्खा वर्ग म्हणाला. एकोणीस वर्षांत मला इतकं एकमुखी उत्तर कधी मिळालं नव्हतं.

चौकशी समिती बसली. मी चार पानी लेखी खुलासा दिला. वाचता येत नाही, असा शेरा मारून समितीने तो परत पाठवला. टाइप करून दिल्यावर माझी सुटका झाली, पण ते साधन बंद करून प्रत्येक विद्यार्थ्याला समोर बसवून समजावण्याचा हुकूम निघाला. एकसष्ट जण.

पहिला अश्विन आला. मी म्हणालो, "तू लिहितोस ते तुला कुठून कळलं, ते सांगायचं. पुस्तकाचं नाव, पान क्रमांक. त्याला संदर्भ म्हणतात."

"एवढंच?" त्याला ते पटकन समजलं. मग जरा दुखावल्यासारखा म्हणाला, "मंग सर, हे आधीच काहून नाई सांगतलं? तिसरं वर्ष हाये माझं."

मी त्याचा निबंध उलगडला आणि समासातल्या लाल ओळीवर बोट ठेवलं. "हे बघ. पहिल्या वर्षापासून तुझ्या प्रत्येक निबंधावर लिहितोय."

अश्विनने वाकून पाहिलं. कागद आडवा धरला, मग उभा धरला.

"हे होय?" तो म्हणाला. "आमाले वाटे, हे तुमची सही हाये."